गेलेल्या दोघी, राहिलेल्या दोघी

हा लेख म्हणजे एका जुन्या चुकीची दुरुस्ती आहे. काही वर्षांपूर्वी मी 'द सॅफायर्स' नावाच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटावर एका छोट्या नियतकालिकात चार पाने लिहिली होती. चार ॲबोरिजिनल मुली, अंगात गाणे, भोवती वंशद्वेष, आणि १९६८ साली थेट व्हिएतनामच्या युद्धभूमीवर अमेरिकी सैनिकांपुढे कार्यक्रम! सत्यकथेवर आधारलेला चित्रपट म्हणून मी तो जवळजवळ जसाच्या तसा खरा मानला होता. लेखाचे कौतुक झाले. मिरजेतल्या एका वाचनालयात त्यावर मी व्याख्यानही दिले. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, "त्या चौघींपैकी युद्धावर गायला नको म्हणणारी एकही नव्हती का गं?"

मी म्हणाले, "नाही, चौघीही गेल्या."

हे उत्तर साफ चुकीचे होते. नको म्हणणाऱ्या होत्या, आणि एक नव्हे तर दोन. हे कळायला मला बराच काळ लागला. मी इतिहासाची पदवीधर नाही. टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, ती संपल्यावर वाचत गेले, आणि जुन्या गाण्यांच्या नादाने इतिहासात शिरले. माझ्यासारखीच्या हातून अशा चुका होतात. कोणी आयती दिलेली सुबक गोष्ट आम्हाला फार आवडते. पण ही चूक शोधता शोधता जे हाती लागले ते चित्रपटाहून मोठे होते, म्हणून त्याची ही नोंद.

पडद्यावरच्या चार, प्रत्यक्षातल्या तीन

आधी चित्रपट. 'द सॅफायर्स' २०१२ साली आला. दिग्दर्शक वेन ब्लेअर. डेबोरा मेलमन, जेसिका मॉबॉय, शारी सेबेन्स आणि मिरांडा टॅप्सेल यांनी चार गायिकांच्या भूमिका केल्या, तर त्यांच्या आयरिश मॅनेजरची भूमिका क्रिस ओ'डाउड यांनी केली. कान महोत्सवात तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला आणि नंतर ऑस्ट्रेलियात त्याला भरघोस पुरस्कार मिळाले. त्याआधी याच नावाचे नाटक होते. टोनी ब्रिग्ज यांनी लिहिलेले ते नाटक २००४ साली मेलबर्न थिएटर कंपनीने रंगभूमीवर आणले. टोनी ब्रिग्ज यांना हा विषय कुठे शोधावा लागला नव्हता. त्यांची आई लॉरेल रॉबिन्सन ही मूळ सॅफायर्सपैकी एक. म्हणजे मुलाने आईची गोष्ट आधी नाटकात आणि मग पडद्यावर नेली. मुलाने प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीत काही धागे जोडले जाणार, काही गळणार, यात नवल नाही. पण मी त्या गोष्टीकडे इतिहास म्हणून पाहिले, हा दोष माझा.

प्रत्यक्षात सॅफायर्स तिघी होत्या: लॉरेल रॉबिन्सन, बेव्हर्ली ब्रिग्ज आणि नाओमी मेयर्स. तिघीही यॉर्टा यॉर्टा समाजाच्या आणि एकाच मोठ्या गोतावळ्यातल्या. साठच्या दशकात त्या मेलबर्नमध्ये हॉटेलांत, पबमध्ये, कॅबरेत, विद्यापीठांत आणि लष्कराच्या बराकींतही गात. सेंट किल्डा या उपनगरात 'टिकी व्हिलेज' नावाचे ठिकाण होते. तिथे न्यूझीलंडच्या माओरी वादकांच्या एका बँडबरोबर त्या गात असत. त्या बँडला व्हिएतनामचे काम मिळाले आणि त्यांनी या तिघींना बरोबर येण्याविषयी विचारले.

नाओमी आणि बेव्हर्ली यांनी नकार दिला. त्यांचा त्या युद्धाला विरोध होता आणि युद्धविरोधी निदर्शनांत त्या सामील झाल्या. लॉरेल मात्र तयार झाली. पण एकटी कशी जाणार? तिने धाकट्या बहिणीला, लोइसला, बरोबर घेतले. हीच पुढची लोइस पीलर. अशा रीतीने १९६८ साली दोघी सख्ख्या बहिणी युद्धात होरपळणाऱ्या परदेशात गाण्यासाठी गेल्या आणि दोघी मेलबर्नमध्ये राहिल्या.

चित्रपटात चौघी एकत्र जातात, आणि तिथे त्यांना घडवतो तो एक गोरा मॅनेजर. ते पात्र कल्पित आहे. ज्या बँडमुळे त्या खरोखर व्हिएतनामला पोचल्या, तो माओरींचा होता. एका मूळनिवासी समाजाच्या मुलींना दुसऱ्या मूळनिवासी समाजाच्या कलावंतांनी बरोबर घेतले होते. या बदलात नेमके काय हरवते, हे मला फार उशिरा लक्षात आले.

नदीकाठचे गाव आणि एक भारतीय मास्तर

या मुलींच्या गळ्यात गाणे आले कुठून? चित्रपट पाहून वाटते की मॅनेजर भेटला आणि गाणे उमलले. खरा उगम मरे नदीच्या काठी आहे. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांची सीमा असलेल्या या नदीच्या उत्तर तीरावर १८७४ मध्ये डॅनियल मॅथ्यूज या धर्मप्रचारकाने मलोगा मिशन सुरू केले. १८८८ मध्ये तिथली माणसे जवळच्याच कमरगंजा या नव्या वस्तीवर आली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी चळवळीला इतके पुढारी देणारे दुसरे गाव सापडणे अवघड. विल्यम कूपर आणि पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झालेले डग निकोल्स ही दोन नावे पुरेशी आहेत. 'रॉयल टेलिफोन' हे गाणे १९६३ मध्ये गाजवणारे गायक जिमी लिटल यांचा जन्मही इथलाच.

या सगळ्यांच्या मुळाशी एक शाळामास्तर होते, थॉमस शॅड्रक जेम्स. आणि इथे आपल्याला थांबायलाच हवे, कारण हे गृहस्थ मॉरिशसमध्ये भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मलेले, तमिळ वंशाचे. १८८१ मध्ये मेलबर्नजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांची मॅथ्यूज यांच्याशी गाठ पडली आणि ते मलोगाच्या शाळेत शिकवायला आले ते कायमचेच. विल्यम कूपर यांची बहीण एडा हिच्याशी त्यांनी लग्न केले आणि ते त्या समाजाचेच झाले. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी तिथल्या मुलांना लिहायला, वाचायला, अर्ज करायला आणि सभेत उभे राहून बोलायला शिकवले. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या मूळनिवासी संघटनांचे अर्ज आणि निवेदने लिहिणारे हात या शाळेत तयार झाले.

१८८६ साली मलोगाला काही पाहुणे आले. अमेरिकेत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांसाठी टेनेसी राज्यात स्थापन झालेल्या फिस्क विद्यापीठाच्या नावाने जगभर गाजलेला 'फिस्क ज्युबिली सिंगर्स' हा गायकवृंद तेव्हा फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. (याच दौऱ्यात पुढे ते भारतातही आले आणि ताजमहालात गायले.) गुलामांच्या नातवंडांनी या नदीकाठी, आपल्याच भूमीत परके झालेल्या लोकांपुढे मुक्तीची भजने म्हटली. त्यांतले एक होते मोझेसने आपल्या लोकांना इजिप्तच्या दास्यातून बाहेर काढल्याचे आणि पाठलाग करणारे फॅरोचे सैन्य समुद्रात बुडाल्याचे. यॉर्टा यॉर्टा परंपरा सांगते की जेम्स मास्तरांनी ते टॉनिक सोल-फा पद्धतीने टिपून घेतले. आपल्या सरगमसारखीच ही अक्षरांची स्वरलिपी, म्हणून मला ती जवळची वाटते. मग त्या भजनाचे यॉर्टा यॉर्टा भाषेत रूपांतर झाले, आणि 'बुरा फेरा' या नावाने ते त्या समाजाचे राष्ट्रगीतच बनले. मराठी कानाला हे नाव चमत्कारिक वाटते. इथला 'फेरा' म्हणजे फॅरो. पण आपल्या अर्थाने वाचले तरी काही बिघडत नाही.

चित्रपटातही हे गाणे आहे. मी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा एक गोड लोकगीत म्हणून सोडून दिले होते. अमेरिकेतल्या गुलामांचे भजन, भारतीय वंशाच्या मास्तरांची स्वरलिपी आणि यॉर्टा यॉर्टा भाषा अशा तीन प्रवाहांचा तो संगम आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते? आणि ठाऊक असते, तर 'अमेरिकी काळ्या सैनिकांपुढे ॲबोरिजिनल मुलींनी सोल संगीत गायले' याचे मला एवढे नवल वाटले नसते. ती ओळख ऐंशी वर्षे जुनी होती.

गाणारी मावशी

लॉरेल आणि लोइस यांची आई जेराल्डीन ब्रिग्ज ही समाजाची मान्यवर कार्यकर्ती. जेराल्डीनची थोरली बहीण म्हणजे मार्गारेट टकर. या मावशीची ओळख झाल्याशिवाय भाच्यांची गोष्ट कळत नाही.

न्यू साउथ वेल्स राज्यात १९१५ च्या कायदादुरुस्तीने ॲबोरिजिनल मुलांना न्यायालयात न जाता आईबापांपासून काढून घेण्याचा अधिकार सरकारी मंडळाला मिळाला. १९१७ मध्ये तेरा वर्षांच्या मार्गारेटला आणि तिची बहीण मे हिला शाळेतून उचलून कुटामंड्रा येथील मुलींच्या 'प्रशिक्षणगृहा'त नेले गेले. प्रशिक्षण कसले, तर गोऱ्या घरांतून मोलकरणीचे काम करण्याचे. पुढे मार्गारेट मेलबर्नला आली, विल्यम कूपर यांच्याबरोबर 'ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनीज लीग'च्या कामात उतरली, आणि त्याच वेळी गात राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निधी जमवण्याच्या कार्यक्रमांत तिचा आवाज असे. तिने १९७७ मध्ये 'इफ एव्हरीवन केअर्ड' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. एखाद्या ॲबोरिजिनल स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

तिच्या डोळ्यांदेखत घडलेली मोठी घटना म्हणजे ४ फेब्रुवारी १९३९ चा 'कमरगंजा वॉक-ऑफ'. अपुरे रेशन, रोगराई, लोकांनी कसलेली जमीन मंडळाने काढून घेणे आणि व्यवस्थापकाची दांडगाई यांना कंटाळून सुमारे दोनशे माणसे सामानसुमान घेऊन उठली आणि मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियात गेली. सामुदायिक संपाचा मूळनिवासींच्या इतिहासातला हा एक आरंभ मानतात. त्यांना तिथून निघण्याचे आवाहन करणारे जॅक पॅटन यांना अटक झाली. आपण मोझेसच्या गाण्यातलेच जगतो आहोत, असे नदी ओलांडताना त्या लोकांना वाटले असेल का? हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

ब्रिग्ज कुटुंब नदी ओलांडणाऱ्यांपैकीच. पुढे शेपर्टन आणि मुरुप्ना या गावांच्या मधल्या, पुराच्या पाण्याखाली जाणाऱ्या 'द फ्लॅट्स' या मोकळ्या जागेत पत्रे आणि गोणपाटाच्या झोपड्यांत अनेक कुटुंबे राहिली. १९५४ मध्ये राणी एलिझाबेथ शेपर्टनला आली, तेव्हा रस्त्यावरून या झोपड्या दिसू नयेत म्हणून कडेने गोणपाट ताणले होते, ही आठवण त्या समाजात आजही सांगतात. आपल्याकडेही पाहुणे येणार म्हटले की असे पडदे उभारले जातात, त्यामुळे जास्त समजावून सांगायला नको.

१९६८ हे वर्ष पाहा. त्याच वर्षी मावशीला समाजकार्यासाठी एम.बी.ई. हा ब्रिटिश किताब मिळाला, आणि त्याच वर्षी भाच्या व्हिएतनामला गेल्या.

आधीचे युद्ध, आधीच्या बहिणी

सॅफायर्स या अशा पहिल्या बहिणी नव्हत्या. उत्तरेकडे क्वीन्सलंडमध्ये केर्न्स हे बंदर आहे. तिथे १९२१ मध्ये डल्सी पिट जन्मली. वडिलांच्या बाजूने टॉरस सामुद्रधुनीतली बेटे आणि वेस्ट इंडीज, आईच्या बाजूने ॲबोरिजिनल रक्त. दुसऱ्या महायुद्धात केर्न्सचा परिसर अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन सैन्याने भरून गेला, तेव्हा डल्सी आणि तिच्या बहिणी हेदर आणि सोफी 'हार्मनी सिस्टर्स' या नावाने सैनिकांपुढे गात.

त्या काळाचा विरोधाभास बघण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात तेव्हा 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण होते. कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांना येऊ देण्यासही सरकार सुरुवातीला राजी नव्हते. टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे शेकडो पुरुष सैन्यात भरती झाले, पण त्यांना गोऱ्या सैनिकांहून कमी पगार मिळे. अशा देशात तीन काळ्या बहिणी सैनिकांचे मन रमवत होत्या, आणि जाझ आणि ब्लूज यांचे नवे धडे थेट अमेरिकी सैनिकांकडून त्यांना मिळत होते. युद्धाने त्यांना श्रोते दिले आणि गुरूही दिले. शांततेच्या काळात देशाने दोन्ही नाकारले असते.

युद्धानंतर डल्सीने 'जॉर्जिया ली' हे नाव घेतले आणि ती सिडनी-मेलबर्नच्या जाझ क्लबांत गाऊ लागली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या प्रिन्सेस थिएटरात 'ॲन ॲबोरिजिनल मूम्बा: आउट ऑफ द डार्क' हा कार्यक्रम झाला. सरकारी उत्सवात मूळनिवासींना स्थान नव्हते, म्हणून बिल ओनस आणि डग निकोल्स यांनी तो घडवून आणला. त्यात तेव्हाचे प्रसिद्ध ॲबोरिजिनल गायक हॅरल्ड ब्लेअर होते, जॉर्जिया ली होती, आणि आपली मावशी मार्गारेट टकरही होती. म्हणजे केर्न्सची धारा आणि कमरगंजाची धारा एका रंगमंचावर एकत्र आल्या होत्या.

मग जॉर्जिया ली इंग्लंडला गेली आणि लंडनच्या गेराल्डो यांच्या नामवंत वाद्यवृंदाबरोबर गायली. १९५७ मध्ये ती परतली, तेव्हा नॅट किंग कोल यांच्या ऑस्ट्रेलियातल्या कार्यक्रमांत तिला स्थान मिळाले. १९६२ मध्ये तिची 'जॉर्जिया ली सिंग्ज द ब्लूज डाउन अंडर' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. यशाची एवढी मोठी कमान, आणि तरीही पुढची कित्येक दशके ऑस्ट्रेलियातल्या सर्वसामान्य रसिकांना तिचे नाव आठवत नव्हते. २०१० मध्ये ती वारली. मृत्यूच्या आधी थोडी वर्षे तिची दखल पुन्हा घेतली जाऊ लागली होती, एवढेच समाधान.

साल १९६८

व्हिएतनामविषयी बोलण्याआधी माझी दुसरी चूक. त्या जुन्या लेखात मी लिहिले होते की १९६७ पर्यंत ऑस्ट्रेलियन कायद्यात ॲबोरिजिनल लोकांची गणना 'वनस्पती आणि प्राणी' या सदरात होत असे. हे वाक्य जगभर फिरते, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणते, पण असा कायदा नव्हता. खरी गोष्ट कमी नाट्यमय आहे, आणि माझ्या मते जास्त गंभीर. लोकसंख्येचा हिशेब करताना ॲबोरिजिनल माणसे धरू नयेत, असे राज्यघटनेचे एक कलम म्हणत होते, आणि दुसऱ्या कलमामुळे केंद्र सरकारला त्यांच्यासाठी कायदे करता येत नव्हते. २७ मे १९६७ च्या सार्वमतात ९०.७७ टक्के मतदारांनी हे दोन्ही बदलण्यास होकार दिला. केंद्राच्या निवडणुकीत मताचा अधिकार त्याआधीच, १९६२ मध्ये मिळाला होता.

मग लोकांना प्राण्यांसारखे वागवले जात नव्हते का? जात होते. अनेक गावांत पबमध्ये प्रवेश नसे, सिनेमागृहात वेगळ्या रांगा असत, मोरी गावच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात मुलांना बंदी होती. १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि विद्यार्थ्यांनी 'फ्रीडम राइड' काढून हे सारे चव्हाट्यावर आणले. अन्यायासाठी खोटा कायदा शोधण्याची गरज नाही. खरे कायदे आणि खऱ्या रूढी पुरेशा आहेत. उलट एक खोटे वाक्य सापडले की विरोधकाला बाकीचे सगळे खोटे ठरवणे सोपे जाते. हे मला शिकायला हवे होते, आणि शिकले.

व्हिएतनाम युद्धात ऑस्ट्रेलिया अमेरिकेच्या बाजूने उतरला होता. वीस वर्षांच्या तरुणांची जन्मतारखांच्या सोडतीने सक्तीची भरती होई. ॲबोरिजिनल पुरुषांना त्या सक्तीतून वगळले होते. माणूस म्हणून हिशेबात नाही, तसा सैनिक म्हणूनही नाही! तरी अनेकजण स्वतःहून सैन्यात गेले. सैन्याच्या करमणुकीसाठी ऑस्ट्रेलियातून गायक, वादक, नर्तिका जात. १८ ऑगस्ट १९६६ रोजी लाँग टानची लढाई पेटली, त्याच दिवशी जवळच्या न्यूई डाट तळावर कॉल जॉय आणि लिटल पॅटी यांचा कार्यक्रम होता. तोफांचे आवाज तिथवर येत होते.

धोका किती खरा होता, याचा दाखला सॅफायर्सच्या पुढच्याच वर्षीचा. २० जुलै १९६९, जगाचे डोळे चंद्राकडे लागलेले. त्याच दिवशी दा नांगजवळच्या अमेरिकी तळावर कॅथी वेन ही सिडनीची तरुण गायिका कार्यक्रमाच्या वेळी गोळी लागून ठार झाली. गोळी शत्रूकडून आलेली नव्हती, तळावरूनच झाडलेली होती. गाण्यासाठी गेलेल्यांना तिथे 'रसिकां'पासूनही संरक्षण नव्हते.

लॉरेल आणि लोइस अशा ठिकाणी गेल्या. त्या वर्षाच्या सुरुवातीला टेट आक्रमण झाले होते, एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. त्यांच्यापुढे बसलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे स्वतःच्या देशात नागरिक म्हणून काय स्थान आहे, हा प्रश्न हवेत होता. गाणाऱ्यांचे त्यांच्या देशातले स्थानही तेच होते.

'गेल्या' आणि 'राहिल्या'

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे. नको म्हणणाऱ्या दोघींविषयी कळले तेव्हा माझा पहिला आवेग असा होता की खऱ्या नायिका याच, आणि गेलेल्या दोघी जरा कमी. आता तसे वाटत नाही.

एकोणीसशे साठच्या मेलबर्नमध्ये एका ॲबोरिजिनल गायिकेसमोर किती वाटा होत्या? पब, क्लब, लग्नसमारंभ. परदेशी दौरा, तोही पगारी, मोठ्या प्रेक्षकांपुढे, हे आमंत्रण पुन्हा येईल याची खात्री नव्हती. जी वस्ती दिसू नये म्हणून गोणपाट लावला गेला, तिथल्या समाजातल्या मुलीला जग पाहण्याची संधी मिळाली, तर ती घेण्यात दोष कसला? दुसरीकडे, तेच आमंत्रण तेवढ्याच गरजेच्या वेळी नाकारणे आणि रस्त्यावर उतरणे, यालाही छाती लागते. शिवाय त्या दोघींना नकाराची किंमत द्यावी लागली ती गाण्यात, आपल्याच यशाच्या तोंडावर. त्यांचा गट त्या दौऱ्यावर त्यांच्याशिवाय गेला.

चित्रपटाने चौघींना एकत्र पाठवले तेव्हा हा निर्णयच पुसला गेला. गोष्ट गोड झाली, पण या बायका स्वतःच्या डोक्याने राजकीय विचार करत होत्या, एकमेकींपासून वेगळा विचार करत होत्या आणि तरीही एकमेकींच्या राहिल्या, ही बाब हरवली. आणि माझ्या मते तीच या इतिहासाची खरी कमाई आहे.

कारण पुढे काय झाले ते पाहा. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात 'ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस' सुरू झाली. आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी चालवलेला हा ऑस्ट्रेलियातला पहिला दवाखाना. नाओमी मेयर्स यांनी अनेक वर्षे त्याचे नेतृत्व केले आणि मूळनिवासींच्या आरोग्यसेवेची देशव्यापी संघटना उभी करण्यातही त्या पुढे होत्या. बेव्हर्ली ब्रिग्ज तिथे काम करत होत्या, आणि व्हिएतनामहून परतलेल्या लॉरेल रॉबिन्सन याही. जाणारी आणि न जाणाऱ्या पुन्हा एका छताखाली आल्या. लोइस पीलर यांनी शिक्षणाचे क्षेत्र घेतले. त्यांची बहीण हिलस मॅरिस ही 'विमेन ऑफ द सन' या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेची सहलेखिका. तिने १९८३ मध्ये वोरावा हे ॲबोरिजिनल मुलांसाठीचे विद्यालय स्थापन केले होते. हिलसच्या अकाली निधनानंतर लोइस यांनी पुढे त्याची धुरा सांभाळली. जेम्स मास्तरांच्या शाळेपासून वोरावापर्यंत ही एक सलग रेघ आहे.

कोण पुढे, कोण मागे

एक शेवटची घटना. २०१३ मध्ये चित्रपटाची डीव्हीडी अमेरिकेत निघाली. तिच्या वेष्टनावर क्रिस ओ'डाउड पुढे, ठळक, आणि चारही गायिका मागे, निळ्या छायेत अस्पष्ट. ज्यांच्या नावाचा चित्रपट, त्याच पार्श्वभूमीवर! ऑस्ट्रेलियात गदारोळ झाला, मूळ सॅफायर्सनीही आक्षेप नोंदवला, ओ'डाउड यांनीही नापसंती व्यक्त केली. वितरकांनी माफी मागितली.

त्या चित्राने मला माझा जुना लेख आठवला. मी काही वेगळे केले होते का? मॅनेजरने मुलींना कसे घडवले, यावर माझा दीड परिच्छेद होता. माओरी बँडचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. जेम्स मास्तर, मार्गारेट मावशी, जॉर्जिया ली, यांपैकी कोणीही नव्हते. नाओमी आणि बेव्हर्ली यांना तर मी त्यांच्या इच्छेविरुद्ध विमानात बसवून व्हिएतनामला धाडले होते. वेष्टनावरच्या निळ्या छायेत मीही माझ्या परीने थोडा रंग ओतला होता.

कमरगंजाच्या वॉक-ऑफवर सोप्रानो आणि संगीतकार डेबोरा चीथम यांनी 'पेकन समर' हा ऑपेरा लिहिला. २०१० मध्ये तो मुरुप्नालाच, द फ्लॅट्सपासून हाकेच्या अंतरावर, पहिल्यांदा सादर झाला. चीथम या स्वतः लहानपणी आईपासून दुरावलेल्या, आणि गायक जिमी लिटल त्यांचे मामा. ही नाती त्यांना मोठेपणी शोधावी लागली. तो ऑपेरा गाणाऱ्यांत मूळनिवासी गायक मोठ्या संख्येने होते. या वेळी पुढे कोण उभे राहणार, हे त्यांनीच ठरवले.

प्रश्न विचारणाऱ्या त्या आजी आता नाहीत. वाचनालयाच्या संग्रहात माझ्या जुन्या लेखाची प्रत अजून आहे. ग्रंथपालांची परवानगी घेऊन मागच्या आठवड्यात मी तिच्यात एक चिठ्ठी डकवून आले. चिठ्ठीवर एवढेच लिहिले आहे: 'सॅफायर्स तिघी होत्या. त्यांपैकी लॉरेल बहिणीला घेऊन गेली. नाओमी आणि बेव्हर्ली गेल्या नाहीत, कारण त्यांना ते युद्ध मान्य नव्हते.' प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला, पण आता ते बरोबर आहे.